बिंबिसाराचे लाकूड आणि क्रोमचे तारे

राजगृहातल्या धनिय नावाच्या भिक्षूला कुटी बांधायची होती. जन्माने तो कुंभाराचा मुलगा. आधी त्याने मातीची कुटी उभारून ती भांड्यासारखी भाजून काढली होती. त्यात जीवजंतू मेले म्हणून बुद्धाने ती मोडायला लावली. मग धनिय लाकडाच्या वखारीवर गेला. तिथले लाकूड राजा बिंबिसाराचे, नगराच्या डागडुजीसाठी आणि अडीअडचणीसाठी राखून ठेवलेले. रखवालदार म्हणाला, राजाने दिले तर खुशाल न्या. धनिय म्हणाला, राजाने दिलेच आहे. भिक्षू खोटे कशाला बोलेल, असे वाटून रखवालदाराने लाकूड नेऊ दिले. पुढे महामात्य वस्सकार पाहणीला आला, लाकूड गायब दिसले, रखवालदाराला बांधून नेले गेले आणि धनियला राजापुढे उभे राहावे लागले. मी तुम्हाला लाकूड कधी दिले, असे राजाने विचारताच धनियने आठवण करून दिली: राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनीच जाहीर केले होते की गवत, लाकूड आणि पाणी श्रमण-ब्राह्मणांनी वापरावे.

बिंबिसाराचे उत्तर आजच्या एखाद्या न्यायमूर्तीलाही शोभले असते. घोषणा केल्याचे त्याने नाकारले नाही. पण ती रानातल्या, कोणाच्याच ताब्यात नसलेल्या वस्तूंबद्दल होती, आणि बारीकसारीक गोष्टीतही ज्यांचे मन कचरते अशा साधूंसाठी होती, असे तो म्हणाला. अंगावरच्या वस्त्राकडे पाहून त्याने धनियला ताकीद देऊन सोडले. लोकांत मात्र बोभाटा झाला. तेव्हा बुद्धाने, पूर्वी न्यायखात्यात अमात्य असलेल्या एका भिक्षूला विचारले की किती किमतीच्या चोरीला राजा मोठी शिक्षा देतो. एक पाद, म्हणजे पाच मासक, असे उत्तर आले. न दिलेली तेवढ्या किमतीची वस्तू चोरबुद्धीने घेणारा भिक्षू संघातून कायमचा बाहेर, असा नियम तिथे ठरला. मूळचे गोव्यातल्या सांखवळचे असलेल्या धर्मानंद कोसंबींनी विनयपिटकातल्या अशा नियमांची ओळख 'बौद्धसंघाचा परिचय' या पुस्तकातून मराठी वाचकांना करून दिली आहे.

धनियचा युक्तिवाद आजही रोज कुठे ना कुठे मांडला जातो. फरक एवढाच की वखारीच्या जागी सर्व्हर असतो.

क्रोमच्या वेब स्टोअरचे उदाहरण घ्या. ब्राउझरला जोडायची छोटी सॉफ्टवेअरे, म्हणजे एक्स्टेन्शन, तिथे मिळतात. प्रत्येकाला पाचांपैकी किती तारे मिळाले, लोकांनी काय लिहिले, हे कोणालाही लॉग-इन न करता वाचता येते. स्वतःचे एक्स्टेन्शन तिथे चढवण्यासाठी आणि प्रकाशित करण्यासाठी गूगलने अधिकृत एपीआय दिला आहे, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलण्याची लिहून ठरवलेली पद्धत. रिव्ह्यू आणि रेटिंग वाचण्यासाठी मात्र अशी कोणतीही लिखित सोय नाही. पण पान उघडले की आपलाच ब्राउझर पडद्याआड सर्व्हरकडे मागण्या पाठवत असतो. एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडला की त्या सगळ्या रांगेने दिसतात. गूगलच्या अनेक सेवांमध्ये त्या 'बॅचएक्झिक्यूट' नावाच्या एकाच पत्त्यावर जातात. उत्तराच्या सुरुवातीला कंसांची एक निरर्थक दिसणारी ओळ असते. दुसऱ्या संकेतस्थळाने ती माहिती परस्पर आपल्या पानात ओढू नये म्हणून ती मुद्दाम घातलेली असते. त्यापुढे याद्यांच्या आत याद्या. कुठल्याही रकान्याला नाव नाही, फक्त जागा. हा झाला अनडॉक्युमेंटेड एपीआय, म्हणजे चालतो पण ज्याबद्दल मालकाने कुठे काही लिहिलेले नाही असा. ती मागणी उचलून आपल्या स्क्रिप्टमध्ये घालायची आणि रोज चालवायची, की रेटिंग कधी घसरले, तक्रारी कधीपासून वाढल्या, याचा आलेख तयार.

हे कोणी कशाला करावे? 'द ग्रेट सस्पेंडर' हे वीस लाखांहून अधिक लोकांनी वापरलेले एक्स्टेन्शन 2020 मध्ये मूळ लेखकाने दुसऱ्याला विकले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते घातक ठरवून काढून टाकले. मधल्या काळात संशयाची पहिली बोंब वापरणाऱ्यांनीच मारली होती. 2024 च्या नाताळात सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच एक्स्टेन्शनमध्ये चोरट्यांनी विषारी आवृत्ती घुसवली. ते वापरणारे सुमारे चार लाख होते आणि सगळा खेळ जवळपास एका दिवसात आटोपला. मालक बदलल्यावर किंवा नवी आवृत्ती आल्यावर रिव्ह्यूंचा सूर बदलतो का, हे पाहणारा माणूस निव्वळ रिकामटेकडा नसतो. प्रतिस्पर्ध्याच्या तक्रारी वेचून आपल्या जाहिरातीत वापरणाराही अर्थात तेच करत असतो, आणि यंत्राला दोघांतला फरक कळत नाही.

मोझिलाचा फायरफॉक्स या बाबतीत सोपा आहे. त्याच्या ॲड-ऑनच्या संकेतस्थळाचा एपीआय जाहीर आहे, रेटिंग कसे मागायचे हे कागदपत्रांत लिहिलेले आहे. त्यामुळे एकच माणूस, एकच संगणक, एकच हेतू. एका दुकानातून तारे मोजताना तो पाहुणा आणि दुसऱ्या दुकानातून मोजताना चोर, असे म्हणायचे का? कंपनीच्या कोणी एक पान लिहिले की नाही, यावर कृत्याचे पाप-पुण्य ठरत असेल तर ती नीती फार तकलादू झाली.

या प्रश्नाचा सर्वांत नेमका विचार जैन आचार्यांनी केला. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात चोरीची व्याख्या 'न दिलेले घेणे' अशी आहे. व्याख्या एवढी कडक की तिच्यावर हरकती येणारच. पूज्यपाद आचार्यांनी 'सर्वार्थसिद्धी' या टीकेत त्यांतल्या काही स्वतःच उभ्या केल्या आहेत. एक अशी: भिक्षू गावात हिंडतो, गल्लीतून जातो, वेशीतून आत शिरतो, ती गल्ली, ती वेस त्याला कोणी दिलेली नसते, मग तो पावलोपावली चोरीच करत नाही का? पूज्यपादांचे उत्तर: नाही, कारण या जागा सर्वांसाठी सामान्यपणे मोकळ्या आहेत. आणि पुढे ते पुरावाही देतात. हाच भिक्षू बंद दारातून आत जात नाही, कारण ते मोकळे केलेले नाही.

म्हणजे परवानगी लेखी असण्याची गरज त्यांना वाटली नाही. जागेचा रोजचा वापरच परवानगी सांगतो.

जून 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हॅन ब्युरेन खटल्यात संगणक-घुसखोरीचा कायदा लावताना जवळपास हीच प्रतिमा वापरली: फाटक वर आहे की खाली, एवढे पाहा. संगणकाच्या त्या भागात जाण्याचा अधिकार होता की नव्हता; आत गेल्यावर हेतू काय होता हे या कायद्याचे काम नव्हे. लिंक्डइनच्या सार्वजनिक पानांवरून माहिती उचलणाऱ्या हायक्यू या कंपनीला या कसोटीचा फायदा झाला. आधी 2019 मध्ये, आणि या कसोटीनंतर पुन्हा एप्रिल 2022 मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की पासवर्डशिवाय दिसणारे पान वाचणे ही घुसखोरी होण्याची शक्यता दिसत नाही. त्यावर कित्येकांनी पेढे वाटले. पण त्याच वर्षाअखेर खालच्या न्यायालयाने हायक्यूने वापरकर्ता-कराराचा भंग केल्याचे ठरवले आणि डिसेंबरात पाच लाख डॉलरच्या हुकूमनाम्यावर प्रकरण मिटले. घुसखोरीचा शिक्का टळला, वचनभंगाचा बसला. चोरी आणि वचनभंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जैन साधूला कोणी सांगायला नको; त्याच्याकडे सत्य आणि अचौर्य ही दोन वेगळी व्रते आहेत.

वेबवर फाटकाशेजारी एक पाटीही असते. 1994 पासून चालत आलेली 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' ही फाइल यंत्रांना सांगते की इथे या, तिथे येऊ नका. सप्टेंबर 2022 मध्ये तिचा रीतसर मानक-मजकूर झाला तेव्हा त्यात स्पष्ट लिहिले गेले की हे नियम म्हणजे प्रवेशाचा परवाना नव्हे. पाटी आहे, कुलूप नाही. गूगलच्या आजच्या सेवाशर्ती मात्र त्या पाटीविरुद्ध जाऊन यंत्राने माहिती घेण्याला मनाई करतात. भिक्षूला कुलपापेक्षा पाटीची चाड जास्त असायला हवी, आणि बिंबिसाराने मन कचरणाऱ्या साधूंचा उल्लेख केला तो याच अर्थाने.

तरीही 'दार उघडे होते' हे उत्तर पुरेसे नाही, हे 2010 मधल्या एका प्रकरणावरून दिसते. एटी अँड टीच्या सर्व्हरला आयपॅडच्या सिमकार्डाचा क्रमांक दिला की तो त्या ग्राहकाचा ईमेल पत्ता परत पाठवत असे. पासवर्ड नव्हता. अँड्र्यू ऑर्नहायमर आणि त्याच्या साथीदाराने क्रमांक पुढे पुढे सरकवत सुमारे 1,14,000 पत्ते गोळा केले आणि एका संकेतस्थळाला दिले. ऑर्नहायमरला 41 महिन्यांची कैद झाली. एप्रिल 2014 मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली, पण कारण एवढेच की खटला चुकीच्या राज्यात चालवला गेला होता. मूळ प्रश्न तसाच राहिला. तिथेही अलिखित एपीआयच होता, तिथेही फाटक वरच होते. फरक होता तो आतल्या वस्तूत. ते पत्ते त्यांच्या मालकांनी जगाला दिलेच नव्हते.

आणि इथेच बहुतेक चर्चा चुकीच्या माणसाकडे पाहते. गूगलने दिले का, असा प्रश्न सगळे विचारतात. पण रिव्ह्यू गूगलचा कुठे आहे? कोणी तरी चार ओळी लिहिल्या, दोन तारे दिले, ते अनोळखी वाचकांना सावध करावे म्हणून. देणारा तो. दुकान फार तर ठेव सांभाळणारे. रिव्ह्यूच्या बाबतीत दान आधीच झालेले आहे, तेही सगळ्या जगाला. ते वाचणारा डोळ्यांनी वाचतो की स्क्रिप्टने, याने दान परत फिरत नाही. जे दिलेले नाही ते वेगळेच आहे: सर्व्हरचे श्रम, वीज, आणि उद्याही हे असेच चालेल हे आश्वासन.

दानाचेही शास्त्र आहे. नारदस्मृतीत दिलेल्या वस्तूच्या वादांवर स्वतंत्र प्रकरण असून, दिले तरी न दिल्यासारखेच मानावे असे सोळा प्रकार त्यात मोजले आहेत. भीतीने दिलेले, रागात दिलेले, शोकात, थट्टेत, चुकून, फसवणुकीने, लाच म्हणून, नशेत. रिव्ह्यूंच्या पानावर बसून ही यादी वाचली तर हसू आवरत नाही. अपडेटने सेटिंग उडाले म्हणून रागाच्या भरात ठोकलेला एक तारा. पाच तारे द्या, प्रीमियम मोफत घ्या, म्हणून मिळालेले पाच. नारदाच्या हिशेबाने दुकानातला बराच माल 'दिलेला' ठरणारच नाही. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यू गोळा कसे करावेत आणि छापावेत याचे मानक 2022 मध्ये काढले ते याच दुखण्यावर. मागावर राहणाऱ्या स्क्रिप्टचे सर्वांत मोठे समर्थनही बहुधा हेच. एका रात्रीत उगवलेले पन्नास पंचतारांकित रिव्ह्यू पानावर एकदा नजर टाकणाऱ्याला दिसत नाहीत, रोजची नोंद ठेवणाऱ्याला लगेच दिसतात.

मग या धंद्यात दोष कुठे? तो चोरीच्या खात्यात शोधून सापडत नाही, परिग्रहाच्या, म्हणजे साठवून ठेवण्याच्या, खात्यात सापडतो. एकाने आपल्या कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या दहा एक्स्टेन्शनचे तारे दिवसातून एकदा नोंदवले. दुसऱ्याने अख्ख्या दुकानातले प्रत्येक एक्स्टेन्शन तासातासाला खरवडले, प्रत्येक रिव्ह्यू लिहिणाऱ्याचे नाव, चित्र आणि तारीख साठवली, कधी तरी उपयोगी पडेल म्हणून. दोघांनी घेतले ते एकाच दारातून. परवानगीच्या कसोटीवर दोघे सारखेच.

1930 मध्ये येरवडा तुरुंगातून गांधीजी साबरमती आश्रमाला दर आठवड्याला व्रतांवर पत्रे लिहीत होते. ती पुढे 'मंगलप्रभात' म्हणून प्रसिद्ध झाली. अस्तेयावरच्या पत्रात ते एक पाऊल पुढे जातात. मालकाच्या परवानगीने घेतलेली वस्तूही, तिची गरज नसेल तर, त्यांच्या मते चोरीच. हा निकष कुठल्याही न्यायालयात टिकणार नाही, आणि सामान्य गृहस्थाला तो जाचकच वाटेल. पण यंत्राच्या बाबतीत तो चपखल बसतो. माणूस गरजेपेक्षा जास्त रिव्ह्यू वाचत नाही, कारण तो कंटाळतो. स्क्रिप्टला कंटाळा नसतो. माणसाच्या कंटाळ्याने आजवर जी मर्यादा फुकटात सांभाळली ती आता कोणाला तरी मुद्दाम आखावी लागते: दोन मागण्यांत अंतर किती, नावे ठेवायची की गाळायची, जुनी नोंद कधी पुसायची.

पूज्यपादांच्या विवेचनात आणखी एक अट आहे, ती सहज सुटते. न दिलेले घेणे चोरी ठरते ते प्रमादाच्या योगाने, म्हणजे मन गाफील किंवा विकारग्रस्त असताना. भारतीय कायद्यातही अशीच पायरी आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चे कलम 43 परवानगीविना संगणकातून माहिती घेणाऱ्याला भरपाई द्यायला लावते. तीच कृती अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली तर कलम 66 लागू होऊन तीन वर्षांपर्यंत कैदेची पाळी येते. कायदा कपट शोधतो. जैन आचार्य त्याहून खाली उतरून गाफीलपणाही पकडतात, आणि संगणकाच्या जगात घडते ते बहुधा तेच. ठरावीक वेळी आपोआप चालावी म्हणून क्रॉनला लावून दिलेली आणि नंतर विसरलेली स्क्रिप्ट. लिहिणारा नोकरी सोडून गेला, ती मात्र दर दहा मिनिटांनी कोणाच्या तरी दारावर थाप मारतेच आहे. तिच्यामागे कपट नाही. कोणीच नाही.

अलिखित एपीआयचा गाफीलपणा दुसऱ्या बाजूनेही भोवतो. रकान्यांना नावे नसतात, फक्त जागा असतात, हे वर आलेच. उद्या दुकानाने मध्ये एक नवा रकाना घातला की सगळे एका घराने सरकते. स्क्रिप्ट बंद पडली तर बरे. ती चालूच राहिली तर 'किती जणांना उपयोगी वाटले' हा आकडा ताऱ्यांच्या जागी मोजला जाऊ शकतो आणि आलेखात एखाद्या प्रामाणिक प्रोग्रामरचे एक्स्टेन्शन एका रात्रीत कोसळलेले दिसते. जुने वेब स्टोअर जाऊन 2023 मध्ये नवे आले तेव्हा जुन्या पानांवर बेतलेल्या स्क्रिप्टना असेच हादरे बसले. अशा वेळी गूगलवर रागावण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी काही कबूलच केले नव्हते. मात्र चुकीचा आलेख ग्राहकाला विकणाऱ्याची सुटका होत नाही. अचौर्याच्या पाच अतिचारांत, म्हणजे व्रताला लागणाऱ्या दोषांत, तत्त्वार्थसूत्र खोट्या वजनमापांचा व्यवहार स्वतंत्रपणे मोजते. वस्तू घेताना चोरी झाली नाही, तरी पुढे तराजू चुकीचा धरला की व्रताला डाग लागलाच. नकली मालाचा व्यवहार हाही त्याच पाचांतला एक. विकतचे पाच तारे त्यात सहज बसतात.

राहतो तो पुसलेल्या रिव्ह्यूचा प्रश्न, आणि सगळ्यांत अवघड तोच आहे. एखाद्याने रागात लिहिले, आठवड्याने वाचून ओशाळला, काढून टाकले. दुकानातून ते गेले. मागावर असलेल्या तिसऱ्याच्या डेटाबेसमध्ये ते नावासकट, तारखेसकट आहे. व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला 2023 चा भारतीय डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लागू होत नाही. युरोपच्या कायद्यात अशी सरसकट सूट नाही. नारद मात्र रागात दिलेले परत मागण्याचा हक्क मान्य करतो आणि असे न दिल्यासारखे दान लोभाने ठेवून घेणाऱ्याला दंड सांगतो. पण त्याच्या काळी देणाऱ्याला आपली वस्तू कोणाकडे आहे हे ठाऊक असे. इथे लिहिणाऱ्याला असा कोणी तिसरा आहे याचीच कल्पना नाही, त्यामुळे तो मागायला येणार नाही. आलेख ठेवणाऱ्याला तारे, तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक एवढ्यावर काम भागवता येते. नाव पहिल्याच दिवशी गाळता येते. दुकानातून नाहीसा झालेला मजकूर पुढच्या फेरीत आपल्याकडूनही काढता येतो. प्रोग्रामच्या भाषेत या जेमतेम चार ओळी होतात, आणि त्या लिहिल्या आहेत की नाहीत हे बाहेरून कोणालाही तपासता येत नाही.